घोरणारें मूल

निजलेल्या मुलाकडे पाहून ज्याच्या मनास समाधान वाटत नाहीं असा मनुष्य विरळा. दिवसभर घर डोक्यावर घेणारें कार्टें एकदांचें निजलें म्हणजे त्याच्या सर्व अपराधांची क्षमा होते. आई त्याचें पांघरूण सारखें करते, आजी त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटें मोडते, आणि दिवा मालवून सर्व मंडळी आपापल्या अंथरुणाकडे वळतात. मुलाचा दिवस कसा जातो याची चौकशी करणारे पुष्कळ आहेत. शाळेंत मास्तर आहेत, घरीं आईबाप आहेत, आणि शेजारीपाजारीहि त्या कामीं मागें नसतात. परंतु त्याची रात्र कशी जाते हें पाहण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. मूल निजलें म्हणजे तें सुखरूप आहे असें आपण गृहीत धरतों. आम्हींहि आयुष्याचीं पासष्ट वर्षें तसेंच धरलें होतें. त्या समजुतीची किंमत आमच्या नातवास द्यावी लागली, तिची हकीकत वाचकांस सांगावी म्हणून हा लेख लिहीत आहों.

आमचें घर भिंगारास आहे. नगर शहरांतून किल्ल्यावरून पाथर्डीच्या रस्त्यास लागलें कीं लष्कराची छावणी आणि तिला लागूनच आमचें हें गांव. औरंगजेब बादशहानें १७०७ सालीं आपला शेवटचा श्वास भिंगारच्या मुक्कामीं सोडला. श्वासाविषयीं आमच्या गांवाची एवढीच कथा आम्हांस ठाऊक होती आणि ती आम्ही पाहुण्यांस मोठ्या हौसेनें सांगत असूं. मुलगा, सून आणि नातू आमच्याजवळच राहतात. उन्हाळ्यांत सर्वांचीं अंथरुणें गच्चीवर पडतात. दोन वर्षांपूर्वींच्या उन्हाळ्यांत नातू सात वर्षांचा होता. रात्रीं त्याचें घोरणें सुरू झालें कीं शेजारच्या गच्चीवरून हंसण्याचा आवाज येई. आम्हांसहि त्याचें कौतुकच वाटे. आमचे वडील घोरत असत, आम्ही स्वतः घोरतों. तेव्हां नातवानें घराण्याची परंपरा राखली असें आम्ही चारचौघांत सांगत असूं. घोरणें आणि गाढ झोंप यांची आपल्या मनांत अशी कांहीं जोडी जमून गेली आहे कीं, घोरणाऱ्याची काळजी वाटावयाची ती न वाटतां उलट त्याचा हेवा वाटतो!

दिवसाची गोष्ट मात्र निराळी होती. सकाळीं त्यास उठविणें म्हणजे एक लढाईच असे. उठल्यावर डोकें दुखतें म्हणून तो कुरकुरे. सातव्या वर्षींहि अंथरूण ओलें होई, आणि त्याबद्दल आजीचीं बोलणीं त्यास खावीं लागत. एक घांस तो कितीतरी वेळ चघळी; तोंडानें जेवावें कीं तोंडानें श्वास घ्यावा हा पेंच त्याच्यापुढें असे, आणि आम्हांस मात्र ती खाण्याची नाटकें वाटत. शाळेंत तो पेंगे, आणि पेंगत नसे तेव्हां एका जागीं बसत नसे. झोंप अपुरी झालेलें मोठें माणूस सुस्त होतें. लहान मूल पुष्कळदां उलट सैरभैर होतें, हें आम्हांस त्या वेळीं ठाऊक नव्हतें. बाईंनीं वहींत लिहून पाठविलें, "लक्ष नसतें. घरीं अभ्यास घ्यावा."

आम्हीं तीस वर्षें शिक्षकाची नोकरी केलेली. असली ओळ इतरांच्या मुलांच्या वह्यांत आम्हीं स्वतः किती वेळां लिहिली असेल याची गणती नाहीं. पण ती आपल्या घरीं आली तेव्हां मनास फार लागली. रोज संध्याकाळीं त्यास पाढे म्हणावयास बसविण्याचा आम्हीं नियम केला. पाढे म्हणतां म्हणतां त्याचे डोळे मिटत. एकदां 'सात सक' येथें तो थांबला तो थांबलाच. आम्हीं "अरे मठ्ठा!" म्हणून ओरडून त्यास जागें केलें. तो दचकला, त्यानें ओंठांवरची लाळ पुसली, आणि पुन्हां सात एके सातपासून सुरुवात केली. तो शब्द आम्हीं त्या एकाच दिवशीं उच्चारला असें नाहीं. म्हणूनच तो येथें लिहून ठेवीत आहों.

या प्रकरणाचा उलगडा झाला तो दांतांमुळें. दुधाचे दांत पडून पुढचे नवे दांत आले ते एकमेकांच्या अंगावर चढलेले आणि बाहेर झुकलेले. वरचा ओंठ आंखूड दिसे. तोंड सदा किंचित् उघडें. मुलग्याच्या रूपाची एवढी काय चिंता, असें आमचें मत. परंतु सूनबाई ऐकणारी नव्हती, आणि नव्हती हेंच बरें झालें. वेडेवांकडे दांत व जबडे सुधारण्याची जी दंतवैद्यकाची शाखा, जिला ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात, तींत विशेष शिक्षण घेतलेल्या एका बाईंकडे ती त्यास घेऊन गेली. सोबत म्हणून आम्हीहि गेलों.

बाईंनीं तोंड उघडावयास सांगण्यापूर्वीं त्यास थोडा वेळ नुसतेंच बसूं दिलें व तो श्वास कसा घेतो हें पाहिलें. मग त्याची टाळू पाहिली, टॉन्सिल पाहिले, आणि आमच्याकडे वळून विचारलें, "आजोबा, हा रात्रीं घोरतो का?"

आम्ही हंसून म्हणालों, "घोरतो म्हणजे काय! अगदीं डाराडूर. आमच्या घराण्यांतच..."

बाईंनीं आमचें वाक्य पुरें होऊं दिलें नाहीं. "घोरतांना मध्येंच थांबतो का?"

या प्रश्नाचें उत्तर आमच्यापैकीं कोणासच देतां येईना. "मग आज रात्रीं कोणीतरी त्याच्याजवळ तासभर जागे बसा," बाई म्हणाल्या, "आणि मोबाइलवर थोडें चित्रण करून आणा. दांतांचें मग पाहूं."

म्हातारपणीं झोंप कमीच, म्हणून तें काम आम्हीं आपणहून पत्करलें. मध्यरात्र उलटून गेली होती. मूल मान मागें टाकून, हनुवटी वर करून निजलें होतें. पाण्यांत बुडणारा मनुष्य तोंड वर काढतो तसें. श्वासागणिक छातीचा पिंजरा आंत ओढला जाई आणि पोट वर येई. उशी घामानें भिजली होती. घोरणें चाले, वाढे, आणि एकाएकीं थांबे. आजवर ती शांतता ऐकून 'आतां कसा गाढ झोपला!' असें म्हणून आम्ही कूस बदलीत असूं. त्या रात्रीं मात्र आम्हीं त्याच्या नाकातोंडापुढें बोटें धरलीं. छाती हलत होती, पोट हलत होतें, पण बोटांस वारा लागेना. घड्याळाचा कांटा पुढें सरकत होता. सात, आठ, नऊ, दहा सेकंद झाले. मग सर्व अंगास एक हिसका बसला, गुदमरल्यासारखा आवाज झाला, आणि श्वास सुटला. मुलानें कूस पालटली, आणि पुन्हां तेंच चक्र सुरू झालें. तासाभरांत आम्हीं हा प्रकार अकरा वेळां मोजला, पुढें मोजवेना. ज्यास आम्ही संध्याकाळीं मठ्ठ म्हणत होतों तें मूल रात्रभर श्वासासाठीं झुंजत होतें, आणि सकाळीं त्या झुंजींतून उठून शाळेंत जात होतें.

पुढें या विषयावर जें वाचावयास मिळालें व डॉक्टरांकडून जें समजलें, त्याचें सार असें. नाकाच्या पाठीमागें, पडजिभेच्या वरच्या अंगास ॲडिनॉइड नांवाची मांसल गांठ असते, आणि घशाच्या दोहों बाजूंस टॉन्सिल. सुमारें तीन ते आठ वर्षांच्या वयांत या गांठी श्वासाच्या वाटेच्या मानानें फार मोठ्या असतात. सर्दीनें किंवा धुळीच्या ॲलर्जीनें नाक सुजलें कीं वाट आणखी अडते. आमच्या कोरड्या, धुळीच्या मुलुखांत हें निराळें सांगावयास नको. जागेपणीं घशाचे स्नायू ती वाट ताणून उघडी धरतात. झोंपेंत ते सैल पडतात आणि वाट मिटते. रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदू मुलास अर्धवट जागें करतो, आणि श्वास पुन्हां सुरू होतो. सकाळीं मुलास यांतलें कांहींच आठवत नाहीं; तेव्हां तें तक्रार तरी कशाची करणार? अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संस्थेनें २०१२ सालीं जो आढावा प्रसिद्ध केला, त्यावरून शंभर मुलांत एकापासून सहापर्यंत मुलांस हा विकार असतो. चाळीस मुलांच्या वर्गांत असें एखादें मूल असणें अगदीं शक्य आहे.

आतां दांतांचा यांत संबंध काय? टाळू हें तोंडाचें छत, आणि तीच नाकाची जमीन. छत अरुंद व उंच झालें कीं वरच्या मजल्यावरची खोलीहि अरुंद होते. तोंड मिटलेलें असतां जीभ टाळूस टेकलेली असते आणि वरच्या जबड्याच्या कमानीस आंतून आधार देते. बाहेरून गाल दाबीत असतात. नाक अडून तोंड उघडें राहिलें कीं जीभ खालीं पडते, आंतला आधार जातो, आणि कमान आंवळत जाऊन दांतांस जागा पुरेनाशी होते, अशी ही उपपत्ति आहे. स्वीडनमधील लिंडर-अरोन्सन या दंतवैद्यानें ॲडिनॉइड वाढलेल्या मुलांच्या जबड्यांचीं मापें घेऊन १९७० सालीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. पुढें अमेरिकेंत हारवोल्ड यांनीं माकडांचीं नाकें बंद करून त्यांच्या जबड्यांत कसकसे फरक पडतात हें पाहिलें. तथापि प्रत्येक वांकड्या दांताचें खापर श्वासावर फोडणें चुकीचें होईल. पुष्कळांचा जबडा वंशपरंपरेनेंच लहान असतो. कोठें अडलेल्या नाकामुळें टाळू अरुंद होते, तर कोठें अरुंद टाळूमुळें नाक अडतें. यांत आधीं काय आणि मागाहून काय, याचा पंडितांत वाद आहे.

आम्हांस खरी लाज वाटली ती या ज्ञानाचें वय पाहून. कोपनहेगनच्या मायर नांवाच्या डॉक्टरांनीं ॲडिनॉइडच्या वाढीचें वर्णन १८६८ सालींच करून ठेवलें होतें. १८८९ सालीं हिल नांवाच्या डॉक्टरांनीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें मुलांच्या मागासलेपणाच्या व मंदपणाच्या कारणांविषयीं निबंध लिहिला, आणि त्यांत नाकाच्या मागील अडथळ्याकडे बोट दाखविलें. गिलमिनो यांनीं १९७६ सालीं आठ मुलांच्या रात्रीं यंत्रांनीं मोजून या विकाराचें नेमकें वर्णन केलें. म्हणजे ज्या काळांत आम्ही फळ्यापुढें उभे राहून पेंगणाऱ्या पोरांस बांकावर उभें करीत होतों, त्याच्या कितीतरी आधीं ही गोष्ट छापून निघालेली होती. त्या पोरांपैकीं किती जणांचे श्वास रात्रीं अडत असतील, हें आतां कोणास सांगतां येणार?

निदान होण्यापूर्वीं आमच्याकडून एक चूक होतां होतां राहिली. एका ओळखीच्या गृहस्थांनीं आम्हांस दुसऱ्याच एका दवाखान्यांत नेलें. तेथें कोणतीहि तपासणी न करतां, 'हें यंत्र तोंडांत बसवा, घोरणें, अभ्यास, उंची, सर्व सुधारेल,' असें सांगण्यांत आलें, आणि अर्धे पैसे आगाऊ मागितले गेले. आम्ही देण्याच्या बेतांत होतों. सूनबाईनें मात्र पहिल्या बाईंस फोन करून विचारलें. त्यांनीं एवढेंच सांगितलें, "आधीं नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. झोंपेची तपासणी होऊं द्या. माझें काम नंतरचें." आपलें काम नंतरचें आहे असें सांगणारा तज्ज्ञ भेटणें हें आम्ही भाग्य समजतों.

त्या तपासणीसाठीं १२० किलोमीटरांवर पुण्यास जावें लागलें. डोक्यास, छातीस, बोटास तारा लावून मुलास एक रात्र निजविलें. जवळ त्याची आई निजली. मोठ्या माणसाचा श्वास तासाला पांच वेळांपर्यंत अडला तरी डॉक्टर विशेष मानीत नाहींत. मुलांत एकाहून अधिक वेळां अडला तरी दखल घेतात. आमच्या नातवाचा आंकडा चौदा निघाला. टॉन्सिल व ॲडिनॉइड काढावे असें ठरलें. "एवढ्याशा लेकराच्या घशाला सुरी?" म्हणून आजीनें दोन दिवस अन्न गोड मानलें नाहीं. आम्हींहि मनांतून धास्तावलों होतों. डॉक्टरांनीं आमच्यापुढें २०१३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाची हकीकत ठेवली. पांच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांपैकीं कांहींवर लगेच शस्त्रक्रिया केली, बाकीच्यांस देखरेखीखालीं ठेवलें. सात महिन्यांनीं शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा ७९ मुलांची झोंपेची तपासणी निर्दोष आली. नुसतें थांबलेल्यांपैकीं ४६ मुलांची. वागणूक व दिवसाची उमेद शस्त्रक्रियेनें अधिक सुधारली, परंतु अवधानाच्या परीक्षेंत दोहोंत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. म्हणजे सौम्य विकार असेल तर नाकांतील औषध देऊन कांहीं महिने वाट पाहण्यास हरकत नाहीं. उलट, शस्त्रक्रिया केली म्हणजे सर्व झालें असेंहि नाहीं. आमच्या मुलाचा विकार सौम्य नव्हता. शस्त्रक्रिया झाली, आठवडाभर त्यानें गार खीर व आइस्क्रीम यांवर काढला, आणि आजीचा राग तेवढ्यांत निवळला.

अंथरूण ओलें होणें थांबलें. सकाळचें डोकें दुखणें गेलें. तरीहि सहा महिन्यांनीं पुन्हां तपासणी केली तेव्हां आंकडा चारावर अडलेला होता. गांठी गेल्या होत्या. अरुंद टाळू तशीच होती. येथें दंतवैद्य बाईंचें काम सुरू झालें.

वरचा जबडा म्हणजे मध्यें सांधलेलीं दोन हाडें. हा सांधा लहानपणीं कच्चा असतो व तारुण्याकडे वळतांना घट्ट होत जातो. म्हणून हें काम वेळेवर केलेलें बरें. दाढांस धरून बसणारा एक स्क्रू टाळूखालीं बसवितात आणि बारीक किल्लीनें तो थोडथोडा फिरवितात. एका वेळीं पाव फेरा, म्हणजे सुमारें पाव मिलिमीटर. ही युक्तिहि जुनीच आहे; सॅन फ्रान्सिस्कोच्या एंजेल नांवाच्या दंतवैद्यानें ती १८६० सालीं एका चौदा वर्षांच्या मुलीवर योजिली होती. बाईंनीं किल्ली घरीं दिली आणि सकाळ-संध्याकाळ एकदां फिरविण्यास सांगितलें. तें काम आम्हीं मागून घेतलें.

पहिल्या दिवशीं आमचा हात थरथरत होता. मूल तोंड उघडून, डोळे आमच्यावर रोखून पडलें होतें. त्यास बोलतां येईना, म्हणून त्याचें लक्ष वेधण्यासाठीं आम्हीच पाढे म्हणूं लागलों, आणि मुद्दाम चुकूं लागलों. चूक झाली कीं तो बोट वर करी. त्या तीन आठवड्यांत त्याचें बोट एकदांहि चुकीच्या ठिकाणीं वर झालें नाहीं. सातचा पाढा त्यास येत होता! पुढच्या दोन दांतांत फट पडली तेव्हां आजी घाबरली. पण हाडें सरकल्याची ती खूणच असते, व ती आपोआप भरून येते, असें बाईंनीं समजाविलें आणि तसेंच झालें. नवें हाड भरून येण्यासाठीं स्क्रू पुढें सहा महिने तसाच ठेवला. एके रात्रीं किल्ली डबींत ठेवतांना आम्हीं त्यास म्हटलें, "मठ्ठ तूं नव्हतास रे, तुझा आजोबा होता." त्यास तें कितपत समजलें कोण जाणे. "म्हणजे उद्यांपासून पाढे नाहींत ना?" एवढेंच त्यानें विचारलें.

आमच्या नातवास गुण आला, यावरून सर्व घोरणाऱ्या मुलांच्या टाळूंत स्क्रू बसवावे असा निष्कर्ष मात्र कोणीं काढूं नये. रोमच्या पिरेली बाईंनीं २००४ सालीं अशा उपायानें ३१ मुलांची झोंप सुधारल्याचें प्रसिद्ध केलें. परंतु तीं मुलें निवडक होतीं, त्यांच्या टाळू अरुंद होत्या आणि गांठी वाढलेल्या नव्हत्या, व तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता. अमेरिकेंतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संस्थेनें २०१९ सालीं स्वच्छ सांगितलें कीं, दंतवैद्यानें या विकाराचीं चिन्हें अवश्य ओळखावीं, पण निदान डॉक्टरांनींच करावें. आणि जबड्यांत मुळांत दोष नसतां केवळ झोंपेसाठीं तो रुंद करूं नये. अलीकडे तोंडास चिकटपट्टी लावून निजविण्याचीहि एक टूम निघाली आहे. ज्या मुलाचें नाकच अडलेलें आहे त्याचें तोंड बंद करणें म्हणजे काय, हें आमच्यासारखी रात्र ज्यांनीं काढली आहे त्यांस सांगावें लागणार नाहीं.

करावयाचें तें थोडकें आहे. मूल आठवड्यांतून बऱ्याच रात्रीं घोरत असेल, श्वास मध्येंच थांबत असेल, मान मागें टाकून घामाघूम होऊन निजत असेल, सुटलेलें अंथरूण ओलें करणें पुन्हां सुरू झालें असेल, तर डॉक्टरांस दाखवावें. दांतांसाठीं आमच्या जिल्ह्यांत लोणी व संगमनेर येथें दंतवैद्यकाचीं महाविद्यालयें आहेत. शाळांतील मुलांच्या तपासणीसाठीं २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्यांतील डॉक्टरांनीं दांत पाहतांना 'हा घोरतो का?' एवढें घरच्यांस विचारण्याचा परिपाठ ठेवला तरी पुष्कळ होईल. आणि वर्गांत पेंगणाऱ्या मुलाच्या वहींत कांहीं लिहिण्यापूर्वीं आमच्या व्यवसायबंधूंनीं त्याच्या आईस त्याच्या रात्रीविषयीं एकदां विचारावें.

आमचा नातू यंदा नऊ वर्षांचा आहे. तो शाळेंत पहिला आला असें लिहावयास आम्हांस आवडलें असतें. तो अठरावा आला. परंतु दिवसभर जागा असतो, भांडतो, सायकलीवरून छावणीच्या रस्त्यानें भटकतो, आणि रात्रीं तोंड मिटून निजतो. पहिले कांहीं महिने ती शांतता आम्हांसच सोसवेना. रात्रींतून दोनदां उठून आम्ही त्याच्या नाकापुढें बोटें धरीत असूं.

गेल्या उन्हाळ्यांत गच्चीवर मध्यरात्रीं जाग आली तों नातू उशाशीं बसलेला, हातांत घड्याळ. "आजोबा," तो गंभीरपणें म्हणाला, "तुम्ही घोरतां. आणि मध्येंच थांबतां. मीं मोजलें." आम्हीं त्यास घराण्याच्या परंपरेची गोष्ट सांगण्यास तोंड उघडलें आणि मिटलें. पुढील आठवड्यांत पुण्यास जावयाचें ठरलें आहे. सोबत तोहि येणार म्हणतो.